अण्णांची डबल बेल

आमच्या घराच्या दाराला लोखंडी कडी आहे आणि ती अण्णांनी कधी बदलू दिली नाही. अण्णा म्हणजे माझे वडील, पंडित. आयुष्यभर एसटीत ड्रायव्हर. घरातून बाहेर पडायचं असलं की चपला घालून, पिशवी हातात घेऊन उंबऱ्यात उभे राहणार. "निघा ना," म्हटलं की म्हणणार, "बेल कुठं झाली?" मग मी कडी दोनदा वाजवायची, टण टण, की स्वारी निघाली. कंडक्टरनं एकदा बेल मारली तर थांबायचं, दोनदा मारली तर निघायचं, हे एसटीत बसलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. पण ती बेल घरी घेऊन येणारा आणि रिटायर झाल्यावरही न सोडणारा माणूस मी एकच पाहिला. लहानपणी मला याची गंमत वाटायची, कॉलेजात गेल्यावर लाज वाटायला लागली. आता माझ्या बाळंतपणाची गोष्ट सांगायची तर तिथूनच सुरुवात करावी लागते.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही आमच्याकडची रीत. हिंदू असोत की बौद्ध, बाकी कशावर एकमत नसलं तरी यावर असतं. सातव्या महिन्यात लेक माहेरी आणायची आणि सव्वा महिन्याची बाळंतीण झाली की बाळासकट परत पाठवायची. माझं माहेर म्हणजे सेलूत बुद्धविहाराच्या मागं दोन खोल्या आणि अण्णा. आई मी पाचवीत असताना काविळीनं गेली. तेव्हा अण्णांनी लांबच्या गाड्या सोडल्या आणि संध्याकाळी घरी येता येईल अशा जवळच्या फेऱ्या मागून घेतल्या. माझी वेणी तेच घालायचे. टपावर सामान बांधायचा हात, त्यामुळं अशी आवळायचे की शाळा सुटेपर्यंत माझ्या भुवया वर चढलेल्या असायच्या. मी मोठी झाले त्या दिवशी त्यांनी दोन घरं पलीकडच्या केशरबाईंना बोलावून आणलं आणि स्वतः स्टँडवर जाऊन बसले. संध्याकाळी आले ते जिलेबी घेऊन. कशाची जिलेबी ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

पुढं मी डी.फार्म. केलं आणि लग्न होऊन सोनपेठला गेले. माझे मिस्टर धम्मदीप पोखर्णीच्या शाळेवर मास्तर आहेत. सासू लक्ष्मीबाई, त्यांना मी आत्या म्हणते. मनानं वाईट नाहीत, पण बोलायला लागल्या की समोरच्यानं आधी खुर्ची धरून बसावं.

सातव्या महिन्यात अण्णा मला न्यायला सोनपेठला आले. केळी, खारीक, आत्यांना साडी, सगळं रीतसर आणलं होतं. चहा झाला आणि आत्यांनी विषय काढला.

"पंडितराव, राग येऊ देऊ नका. पर तुमच्या घरात बाईमाणूस न्हाई. पोरीचं पहिलं बाळंतपण. कळा कवा सुरू व्हतील, काय व्हईल, तुमी एकटे काय करताव? आई न्हाई त्या घराला माहेर तरी कसं म्हणावं?"

धम्मदीप कपात बघत बसले. अण्णांनी कप खाली ठेवला.

"विहीणबाई, तिचं जे काय केलं ते मीच केलंय. हेबी करतो."

"येणी घालणं येगळं अन् बाळंतपण येगळं."

"शिकतो की. मला येणी तरी कुठं येत व्हती?"

पण सहज सोडतील तर त्या आत्या कसल्या? त्यांनी अट घातली. नवव्या महिन्यात त्या स्वतः सेलूला येऊन बघणार. ठीक वाटलं नाही तर मला तिथल्या तिथं सोनपेठला घेऊन येणार, मग हुज्जत चालणार नाही. अण्णा म्हणाले, "मंजूर."

'माहेर कसं म्हणावं' हे त्यांना किती लागलं ते मला वाटेत कळलं. सोनपेठहून पाथरी आणि पाथरीहून सेलू, दोन गाड्या झाल्या, पण अण्णांनी दोन्ही ड्रायव्हरांची एकसुद्धा चूक काढली नाही.

आता माझं सांगते. मी भलतीच घाबरले होते. औषधांची नावं मला पाठ, पण डोहाळजेवणाला जमलेल्या बायकांनी जे सांगितलं ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं. ओटी भरता भरता एकेकीनं आपलं बाळंतपण काढलं. कुणी दोन दिवस अडली होती, कुणाचं रक्त थांबेना, कुणाच्या जावेचं तर विचारूच नका. जेवायला पुरणपोळी होती, ती मी शेजारच्या ताटात सरकवली. मी मनाशी ठरवून टाकलं की डॉक्टरांना सरळ सांगायचं, ऑपरेशन करून टाका. धम्मदीपना तेवढं बोलले. त्यांनी मला शांत बाळंतपणाचे व्हिडिओ पाठवायला सुरुवात केली. त्यात एक गोरी बाई पाण्याच्या टबात बसून हसत हसत बाळंत होत होती, टबात गुलाबाच्या पाकळ्या. आमच्या सेलूत नळाला रोज पाणी येत नाही. मी फोन पालथा घालून ठेवला.

सरकारी दवाखान्यात तपासणीला गेले तेव्हा अण्णा बरोबर होते. सगळं व्यवस्थित आहे, असं डॉक्टर म्हणाल्या. बाहेर व्हरांड्यात सविता सिस्टर आलेल्या बायकांना सतरंजीवर बसवून श्वास कसा घ्यायचा ते शिकवत होत्या. अण्णा येऊन मागच्या बाजूला मांडी घालून बसले. बायकांनी पदर सावरले. सिस्टर म्हणाल्या, "बाबा, तुम्ही बाहेर बसा. हे बायकांसाठी आहे."

"मला शिकायचंय, सिस्टर. घरात दुसरं कुणी न्हाई."

सिस्टरनी माझ्याकडं बघितलं, माझ्या गळ्यातल्या काळ्या मण्यांकडं बघितलं, पुन्हा अण्णांकडं बघितलं आणि म्हणाल्या, "बसा मग. पण मधे बोलू नका."

ते काही अण्णांना जमलं नाही. सिस्टर सांगत होत्या की कळ आली की श्वास कोंडायचा नाही, नाकानं घ्यायचा आणि तोंडानं सावकाश सोडायचा. दात-ओठ आवळायचे नाहीत, कारण वर आवळलं की खालीही आवळतं. आवाज करावासा वाटला तर करायचा, किंचाळायचं नाही, जाड आवाज पोटातून काढायचा. कळ गेली की अंग सैल सोडायचं, पाणी प्यायचं. एवढ्यात मागून हात वर झाला.

"सिस्टर, म्हंजे चढ हाय, मग सपाटी, मग पुना चढ. असंच ना?"

"तसंच समजा."

"अन् जोर कवा लावायचा?"

"आम्ही सांगू तेव्हा. कितीही वाटलं तरी त्याआधी नाही. नाहीतर बाई नुसती दमते."

"म्हंजे डबल बेल," अण्णा म्हणाले आणि अख्खी सतरंजी हसली. सिस्टरसुद्धा.

परत येताना रिक्षात मी त्यांना ऑपरेशनचं सांगितलं. मला वाटलं रागावतील. ते म्हणाले, "लागलं तर करतील की. त्यात भ्यायचं काय? गाडीत स्टेपनी असतीच. पर कुणी स्टेपनी लावूनच आगारातून निघत न्हाई."

त्या दिवसापासून आमच्या घरात एसटी सुरू झाली. संध्याकाळी दिवा लावला की अण्णा प्लास्टिकची खुर्ची ओढून माझ्यासमोर बसायचे. मी स्टुलावर बसून, पुढं कॉटवर हात टेकून. ते सांगायचे, "अंबाजोगाईचा घाट ध्यानात आण. चढ समोर दिसायला. चढावर गेल्यावर गिअर बदलायला जाशील तर गाडी मागं येती. आधीच उतरव. श्वास आधीच सावकाश कर." मी श्वास सोडायची. "हां. आता घाई न्हाई. कुणी मागून हॉर्न मारायलंय, मारू दे. आपण आपल्या गिअरात." मला पहिले काही दिवस हसूच आवरायचं नाही. त्यात आवाजाची पाळी आली. मला लाज वाटायला लागली. अण्णा म्हणाले, "अगं, मुकाट्यानं घाट चढली अशी गाडी मी पाह्यली न्हाई. इंजिनाला आवाज करूच द्यावा लागतो." आणि माझी भीड मोडावी म्हणून त्यांनी स्वतः घशातून दुसऱ्या गिअरातला आवाज काढला, "ऊंऽऽऽऽ." मग मीही काढला. दोघांचा मिळून असा आवाज झाला की केशरबाई हातातलं पीठ तसंच घेऊन दारात आल्या.

"काय झालं वं? गाडी चालू व्हईना का?"

विहारात भन्ते श्वासावर लक्ष ठेवायला शिकवतात. अण्णा दर रविवारी तिथं जाऊन बसतात आणि पाचव्या मिनिटाला झोपतात, हे सगळ्या वस्तीला ठाऊक आहे. पण गाडीच्या भाषेत तोच श्वास त्यांना असा सापडला की विचारू नका. एकदा पहाटे माझ्या पोटरीत गोळा आला. एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी आपोआप श्वास सैल सोडला, तोंड उघडं ठेवलं, गोळा आला तसा गेला. मला माझंच आश्चर्य वाटलं. त्यानंतर ऑपरेशनचा विषय मी काढला नाही.

बाकीची तयारीही अण्णांनी केली. केशरबाईंना विचारून डिंकाचे लाडू वळले, बाळंतशेपा भाजून बरणीत भरल्या, दुपटी धुऊन उन्हात वाळवली. दिवस कापसाचे होते. मोंढ्याकडच्या, म्हणजे बाजार समितीकडच्या, रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रांग लागते, म्हणून दवाखान्याला जायचा मागच्या गल्लीचा रस्ता त्यांनी सायकलवर फिरून बघून ठेवला. केशरबाईंच्या मुलाची ओमनी ठरली. चालवणार अर्थात अण्णाच. पंचवीस वर्षं विनाअपघात गाडी चालवल्याचा त्यांना बिल्ला मिळाला आहे आणि माझ्या बाबतीत त्यांचा दुसऱ्या कुणावर भरवसा नव्हता.

नववा लागला आणि आत्या आल्या. पदर खोचून त्यांनी घर तपासायला घेतलं. दुपटी उलटसुलट करून बघितली. मोरी बघितली, पाणी तापवायची सोय बघितली. डिंकाचा लाडू दातानं फोडायला गेल्या आणि म्हणाल्या, "पंडितराव, ह्यो लाडू बाळंतिणीला हाय का दार अडवायला?" पण त्यांचा सूर नरमला होता हे मला कळत होतं. अण्णांनाही कळलं आणि तिथंच घोटाळा झाला. खुशीच्या भरात ते म्हणाले, "विहीणबाई, आता आमची प्रॅक्टिस बघा." खुर्ची ओढली, मी कॉटवर हात टेकले आणि आमचा घाट सुरू झाला. ऊंऽऽऽऽ.

आत्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या.

"हे काय? बंद करा आधी. बापासमोर पोरीनं असला आवाज काढायचा? आमच्यात बाळंतिणीचा आवाज ओसरीवर आलेला चालत न्हाई. आमी मुकाट बाळंत झालाव. लोक काय म्हणतेल?"

"सिस्टरनंच शिकवलंय," अण्णा म्हणाले.

"सिस्टर तिच्या घरी. उद्याच्या उद्या मी हिला सोनपेठला नेते. आपलं ठरलं व्हतं तसं."

अण्णांनी शब्द दिला होता, त्यामुळं त्यांनी हुज्जत घातली नाही. उठून माझी बॅग काढली आणि दुपट्यांच्या घड्या घालायला लागले. घडी नीट बसेना. ती एकच घडी त्यांनी कितीतरी वेळा मोडली आणि परत घातली. मला आत्यांचा इतका राग आला होता की तोंड उघडलं असतं तर काहीतरी भलतंच बाहेर पडलं असतं.

निघायच्या आधी तपासणी करून घ्यावी म्हणून सकाळी दवाखान्यात गेलो. सिस्टरनी पोटाला हात लावला आणि सांगितलं की बाळाचं डोकं खाली आलंय, आता लांबचा प्रवास करू नका. आत्या म्हणाल्या, "मग मीच राहते हितं. पर त्यो आवाज चालणार न्हाई." अशी तडजोड झाली. अण्णांनी आपली वळकटी केशरबाईंच्या ओसरीवर नेली. घर आत्यांच्या ताब्यात गेलं. संध्याकाळची एसटी बंद पडली. आत्या माझे पाय चोळून द्यायच्या, वेळेवर खाऊ घालायच्या, खोटं कशाला बोलू. पण चोळता चोळता कुणाकुणाच्या बाळंतपणाच्या गोष्टी सांगायच्या आणि गेलेली भीती परत येऊन बसायची. मी अण्णांकडं बघायची. ते दारातून म्हणायचे, "श्वास करायलीस ना?" मी मान हलवायची.

कळा सकाळी भाकरी करताना सुरू झाल्या. आत्यांनी ओळखलं, अण्णांना हाक मारली, ओमनी दाराशी आली. मी आणि आत्या मागं बसलो. इंजिन चालू झालं. अण्णांनी आरसा नीट केला, स्टिअरिंगवर हात ठेवले आणि बसून राहिले.

"पंडितराव, चला की!" आत्या ओरडल्या. "कशाची वाट बघायलाव?"

अण्णा हलेनात. ते मुद्दाम करत नव्हते, काय राहिलंय ते त्यांनाच आठवत नव्हतं. मी हात लांब करून काचेवर बोटातल्या अंगठीनं दोनदा वाजवलं. टण टण. गाडी निघाली. आत्या आ वासून माझ्याकडं बघत राहिल्या.

मागच्या गल्लीतही कापसाचे दोन टेम्पो समोरासमोर अडकले होते. अण्णांनी एकदाही हॉर्न मारला नाही. उतरले, एकाला मागं घ्यायला लावलं, परत आले. तेवढ्यात मला कळ आली तर त्यांनी गाडी बाजूला घेऊन बंदच केली. "उतरू दे चढ. मग निघू." आत्या म्हणाल्या, "अवो, पोरगी गाडीत बाळंत व्हायची!" अण्णा आरशातून माझ्याकडं बघत होते. मी श्वास सोडत होते. ओठ मात्र घट्ट मिटले होते, कारण शेजारी आत्या होत्या.

दवाखान्यात मला आत घेतलं. सविता सिस्टर ड्युटीवर होत्या, तेवढंच माझं नशीब. अण्णा पिशवी घेऊन माझ्या मागोमाग आले आणि सिस्टरनी दारात हात आडवा केला.

"बाबा, इथून पुढं नाही. आत दुसऱ्या बायका आहेत. बरोबर एकच जण थांबता येईल, आणि ती बाईच पाहिजे."

अण्णांचा चेहरा मी कधीच विसरणार नाही. इतके दिवस आम्ही तयारी केली, लाडवापासून रस्त्यापर्यंत सगळं बघून ठेवलं, पण आत माझ्याजवळ कोण असणार, हा प्रश्न दोघांच्याही डोक्यात आला नव्हता. माझं आजवरचं सगळं अण्णांनीच केलेलं. ते नसतील असं मला वाटलंच नव्हतं आणि त्यांनाही नाही. आता राहिल्या कोण, तर आत्या. मला रडूच फुटलं. "मला ऑपरेशन करा," मी सिस्टरना म्हटलं. "मला नाही जमणार." सिस्टर म्हणाल्या, "आधी पड तर खरी."

दार अर्धवट उघडं होतं. मला कॉटवरून दोघं दिसत होते. ड्युटी संपली की एक ड्रायव्हर दुसऱ्याच्या ताब्यात गाडी देतो, तेव्हा नुसती किल्ली देत नाही. गाडीत काय काय आहे ते सांगतो. लहानपणी मी स्टँडवर ते कितीदा ऐकलं होतं. अण्णा तस्सेच उभे राहिले, हात मागं बांधून.

"विहीणबाई, ध्यान देऊन ऐका. चढ दिसला की ती ब्रेक मारती. श्वास कोंडती. तवा हनुवटीला बोट लावा, तोंड सैल व्हतं. कमरेला खाली तळहातानं दाबा, चोळू नका, नुसतं दाबून धरा. पाणी ती स्वतःहून मागणार न्हाई, आपणच इचारायचं. सपाटी आली की बोलत बसू नका, पडू द्या. अन् डबल बेल झाल्याबिगर जोर लावू देऊ नका. बेल सिस्टर सांगतेल." इथं ते थांबले. "अन् ती आवाज केल्याबिगर चढत न्हाई. तुमाला आवडत न्हाई मला ठाऊक हाय. पर तेवढं करू द्या. मी लांब जाऊन बसतो, मला ऐकू येणार न्हाई."

पिशवी आत्यांच्या हातात देऊन ते वळले. आत्या आत आल्या आणि दार लोटून घेतलं.

त्यानंतरचा वेळ सरळ आठवत नाही. कळा जवळ जवळ यायला लागल्या. आत्यांनी कमरेवर तळहात दाबून धरला, चोळला नाही. पाणी विचारलं. मी ओठ चावून गप्प होते. चढ यायचा आणि माझं सगळं अंग दगड व्हायचं. सिस्टरनी तपासलं आणि म्हणाल्या, "अगं, शिकवलेलं कुठं गेलं सगळं? अशानं दमून जाशील." पुन्हा कळ आली. आत्यांचं बोट माझ्या हनुवटीला लागलं.

"आवाज कर," त्या म्हणाल्या.

मी मानेनंच नाही म्हटलं.

"सुकेशनी, आवाज कर. धम्मदीपच्या टायमाला माझ्या सासूनं माझ्या तोंडात पदर कोंबला व्हता. ओसरीवर गडीमाणसं बसलेली. अख्खी रात काढली मी तशी. लय वंगाळ असतंय ते. तुझ्या तोंडात मी काय कोंबणार न्हाई. बापानं शिकवलंय ना? कर."

तरी माझ्या तोंडून आवाज फुटेना. तेव्हा आत्यांनी, सोनपेठच्या लक्ष्मीबाईंनी, माझ्या कानाशी तोंड आणून स्वतःच सुरू केलं. "ऊंऽऽऽऽ." बेसूर, घोगरा, पण अगदी दुसऱ्या गिअरातला. माझं तोंड उघडलं. पोटातून आवाज निघाला आणि त्या आवाजावर मी तो चढ चढून गेले. मग पुढचा. मग त्याच्या पुढचा. कळा थांबल्या नव्हत्या, दुखणंही कमी झालं नव्हतं, पण भीती गेली होती. पलीकडच्या कॉटवरच्या बाईनं विचारलं, "हे काय करायल्यात वं तुमी?" आत्या म्हणाल्या, "घाट चढायलाव. तूबी कर."

मग जोर लावावासा वाटायला लागलं, असा की आवरेना. सिस्टर म्हणाल्या, "थांब अजून." आत्यांनी माझा हात धरला. "बेल झाली न्हाई. थांब. गाडी धरून ठेव." मी धरून ठेवली. ते सगळ्यात अवघड होतं. आणखी काही कळा तशाच गेल्या. शेवटी सिस्टरनी तपासून मान वर केली, "हां, आता लाव जोर."

आत्यांनी इकडं तिकडं बघितलं. पाण्याचा स्टीलचा पेला उचलला आणि कॉटच्या लोखंडी दांडीवर दोनदा हाणला.

टण! टण!

मुलगी झाली. रडली, लाल झाली, माझ्या छातीवर ठेवली तशी गप्प झाली. आत्यांनी पदरानं माझं तोंड पुसलं, मग आपलं पुसलं, आणि आमच्या लोकांना सांगायला बाहेर गेल्या. पोखर्णीहून धम्मदीप तोवर आले होते. आत्यांनी त्यांच्याआधी अण्णांना गाठलं. "जय भीम, पंडितराव. नात झाली. दोघी सुखरूप हायेत. सव्वा महिना माझी सून कुठं जायाची न्हाई. माहेरीच राहील." एवढं म्हणाल्या आणि पुढं लगेच, "लाडू तेवढे मी दुसरे करीन."

हे मला धम्मदीपनी नंतर सांगितलं. अण्णा लांब जाऊन बसतो म्हणाले होते, पण ते गेलेच नव्हते. दाराला लागून जो बाक होता त्यावर डोळे मिटून बसले होते. आतला आवाज येत होता तेव्हा शेजारची माणसं उठून गेली, अण्णा उठले नाहीत. आणि आतून ते टण टण ऐकू आलं, तेव्हा त्यांनी डोळे न उघडताच क्लच दाबावा तसा डावा पाय खाली दाबला, डावा हात गुडघ्याशेजारी नेऊन गिअर टाकला, आणि मग पाय सावकाश, अगदी सावकाश वर सोडला, गाडीला गचका बसू नये म्हणून.